अनुभवी उमेदवारास प्राधान्य

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे पुष्कळ काही मिळतं. बसमध्ये जागा मिळते, लग्नात फेटा मिळतो, साखरपुड्यात 'दोन शब्द बोला' म्हणून माईक मिळतो. नोकरी तेवढी मिळत नाही. आणि तीही सरळ तोंडावर नाकारली जात नाही. आधी पाणी विचारतात, मग चहा विचारतात, मग 'सर, तुमच्यासारखी माणसं आता राहिली कुठे' असं म्हणतात आणि लिफ्टपर्यंत सोडायला येतात. पंचविशीतल्या पोराला नकार कळवायला कंपन्या एक ईमेलही खर्च करत नाहीत. आमचा नकार मात्र ओवाळून येतो.

मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीन दशकं परचेस खातं सांभाळलं. मग मालकांनी प्लँट गुजरातेत न्यायचं ठरवलं. मशिनं गेली, डाय गेल्या, कँटीनची भांडीसुद्धा मोजून गेली. आम्हाला 'व्हीआरएस' मिळाली. योजनेच्या नावात स्वेच्छा होती. कुणाची, ते छापलेलं नव्हतं. औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीसाठी एक साधा नेम सांगितलेला होता, शेवटी आलेला आधी जाईल. पण हा नेम कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारांसाठी. मी त्या व्याख्येतून बाहेर पडलो तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी पेढे वाटले होते. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापून आलं होतं.

तर वयाच्या 54व्या वर्षी बायोडेटा नव्यानं करायची वेळ आली. ते काम भाच्याकडे गेलं. भाचा हिंजवडीत असतो. तो तिथे नक्की काय करतो हे त्याच्या आईला सांगता येत नाही, पगार मात्र सांगता येतो. माझा जुना बायोडेटा चार पानी होता. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, तीन भाषा लिहिता-वाचता-बोलता येतात, इंग्रजी टायपिंगची शासकीय परीक्षा 40 शब्दांची उत्तीर्ण, छंद वाचन आणि भ्रमण. शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' आणि खाली सही. भाच्यानं चारही पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "मामा, वर गणपती घालायचा राहिला का?"

मग तो कात्री घेऊन बसला. पहिलं गेलं दहावीचं साल. साल दिसलं की लोक वजाबाकी करतात म्हणे. मग डिप्लोम्याचं साल गेलं, टायपिंग गेलं, पहिली नोकरी गेली. भाच्याच्या मते 2008च्या आधी जे झालं ते झालंच नाही असं समजून चालायचं. अनुभवाच्या रकान्यात त्यानं '15+ वर्षे' असं लिहिलं.

"अरे, हे खोटं नाही का?"

"प्लस आहे ना मामा. बाकीची सगळी त्या प्लसमध्ये."

माझी अर्धी हयात त्या फुलीत मावली. त्यात काय काय होतं म्हणून सांगू! सी फॉर्मसाठी व्हेंडरांच्या पाठीमागे घातलेली वर्षं होती. जकात नाक्यावर अडकलेला ट्रक रात्री अकराला सोडवून आणणं होतं. एक्साइजचे गेटपास होते. मॉडव्हॅट होता, तो जाऊन सेनव्हॅट आला, जकात जाऊन एलबीटी आला, तोही गेला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. प्रत्येक वेळी आम्ही मागचं सगळं पुसून नवं शिकलो, आणि तेही 31 मार्चच्या धावपळीत. पण जाहिरातीत 'नवीन गोष्टी पटकन शिकणारा उमेदवार हवा' असं छापतात तेव्हा ते चोवीस वर्षांच्या मुलाला उद्देशून असतं, ज्यानं अजून एकही कर मरताना पाहिलेला नाही.

जाहिरातींचंही एक गणित आहे. 'वय 30 ते 35, अनुभव किमान 15 वर्षे.' म्हणजे यांना हवा असलेला उमेदवार दहावीचा शेवटचा पेपर देऊन तडक परचेस ऑफिसरच्या खुर्चीत जाऊन बसलेला असणार. असा माणूस कुणाला कधी भेटला असेल तर त्याचा सत्कार करायला मी तयार आहे. मला वेळ आहे.

भाच्याला माझा ईमेलही पसंत पडला नाही. रेडिफमेलचा पत्ता म्हणजे जन्मदाखलाच, असं तो म्हणाला. जीमेलवर गेलो तर माझं नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पुढे 1970 लावा ना, तुमच्याही लक्षात राहील." अर्धा तास खपून सगळ्या पानांवरून जे साल हाकललं होतं, ते पत्त्यात येऊन बसत होतं.

केसांचा प्रश्न न्हाव्यानं सोडवला. आमच्या कोपऱ्यावरचा हा माणूस शहरातल्या कुठल्याही एचआरपेक्षा जास्त जाणतो. खुर्चीत बसल्याबरोबर त्यानं विचारलं, "लग्नकार्य का इंटरव्ह्यू?" मी म्हटलं, इंटरव्ह्यू. "मग पूर्ण काळे नाही करायचे. कानाशेजारी थोडे पांढरे ठेवू. इंटरव्ह्यूला पूर्ण काळे केले की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. लग्नात चालतं, तिथं सगळेच लपवतात." मार्चअखेरीस माझ्यासारखी गिऱ्हाइकं वाढतात, हेही त्यानं सांगितलं. कुणाच्या कंपनीत काय चाललंय ते त्याला शेअर बाजाराच्या आधी कळत असावं.

नोकरीचे अर्ज आता मोबाइलवर भरायचे असतात. त्यात जन्मसाल लिहायचं नसतं, निवडायचं असतं. यादी कालपरवापासून सुरू होते आणि आपण बोटानं मागे मागे सरकत जायचं. 2011 ला धोनीचा षटकार गेला. 2004 ला आमची मुलगी जन्मली. 1998 ला लग्न झालं, तिथे बोट जरा थबकलं. 1991 ला मनमोहन सिंगांचं बजेट लागलं, 1983 ला कपिल देव. अंगठा दुखायला लागला तरी 1970 येईना. त्यातून जरा जोरात सरकवलं की थेट 1938. एवढा प्रवास करून आल्यावर पुढचा रकाना विचारतो, 'किती दिवसांत रुजू होऊ शकाल?' मी लिहिलं, तत्काळ. त्यावर एकीचा फोन आला, "सर, तत्काळ कसे काय मोकळे आहात?" आवाजात संशय होता. ज्याला नोकरी आहे त्यालाच नोकरी द्यायची, असा एकूण दंडक दिसतो.

एका क्षेत्रातून मात्र मला भराभर बोलावणी आली. विम्याच्या. तिथे वय विचारत नाहीत, शिक्षण विचारत नाहीत. नातेवाईक किती ते विचारतात. एका ठिकाणी तर समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, यावर ओळखीची शंभर नावं लिहा. मी उत्साहानं मावसभावापर्यंत पोचलो होतो. घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "विका पॉलिसी खुशाल. पण माझ्या माहेरच्यांची नावं खोडून या. भाऊबीजेला निदान एक दार तरी उघडं राहू दे."

मग व्हिडिओ कॉलवरचा इंटरव्ह्यू. वरून इस्त्रीचा शर्ट, खालून लेंगा, मागे पुस्तकांचं कपाट, आणि कपाटावरची पापडाची पिशवी हलवायची राहून गेलेली. समोरची मुलगी आमच्या मुलीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. फार गोड बोलली. तिनं यादीतला प्रश्न विचारला, "सर, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

पंचविशीत या प्रश्नाला उत्तर देताना माणूस थापा मारतो. माझं उत्तर सरकारनं आधीच ठरवून ठेवलेलं. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेच्या लेखी माणूस 58व्या वर्षी पेन्शनर होतो. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 नं भागायचं. हातात पगार कितीही येत असला तरी बहुतेकांचा हिशेबाला धरलेला पगार 15,000 च्या पुढे जात नाही, त्यामुळे कितीही वर्षं घासलेली असोत, उत्तर चार आकडीच निघतं. 2014 साली किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली तेव्हा ती ज्यांना त्याहूनही कमी मिळत होती त्यांच्यासाठी वाढ होती, यावरून काय ते समजावं. मी त्या मुलीला म्हणालो, "पाच वर्षांनी मी हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा देत असेन." ती मनापासून हसली. 'सर, तुमच्याशी बोलून खूप छान वाटलं' असं म्हणाली. तेव्हाच मी ओळखलं.

खरं तर आपल्या देशात वयाला बंदी कुठे आहे? राज्य सरकारच्या नोकरीत खुल्या प्रवर्गाला 38 नंतर सरळसेवेनं सहसा शिरता येत नाही, आत असलेल्यांपैकी बहुतेकांना 58 ला उठवतात. केंद्रात 60 ला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62 पर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे 65 पर्यंत. लोकसभेला उभं राहायला किमान 25 हवेत. वरची मर्यादा घटनाकारांनी ठेवलेलीच नाही. म्हणजे काम जितकं मोठं तितकं वय जास्त चालतं, आणि नट-बोल्ट वेळेवर मागवण्याच्या कामाला मात्र पस्तिशीच्या आतला माणूस लागतो. मोरारजी देसाई 1977 साली पंतप्रधान झाले ते 81व्या वर्षी. मोरारजींबद्दल मुंबईच्या मराठी माणसाला काय वाटतं हा विषय इथे नको, पण बायोडेटाच्या दृष्टीनं गृहस्थ भाग्यवान. जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. 1900 साल लीप नव्हतं, त्यामुळे शपथविधीपर्यंत त्यांच्या जन्मतारखेचे वाढदिवस जेमतेम 19 झालेले. आमच्या भाच्यानं सरळ 'वय 19+' लिहून टाकलं असतं.

अमेरिकेत 1967 पासून कायदा आहे. चाळिशी ओलांडलेल्याला निव्वळ वयावरून नोकरी नाकारता येत नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो (तोच, विम्याच्या यादीतला). तो म्हणतो, इथे वयाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, 'तुमची पात्रता या जागेपेक्षा जास्त आहे' म्हणतात. आपल्याकडे खासगी कंपन्यांना असा सरसकट कायदा लागू नाही. त्याची गरजही नसावी, इतका आपल्याकडे आदर आहे.

आणि बिनपगारी कामाला तर वयाची अटच नाही. माझी नोकरी गेल्याचं सोसायटीत कळलं त्याच रविवारी चेअरमन पेढे घेऊन घरी आले. सेक्रेटरीपद रिकामं होतं. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायलाच लागते, हिशेब तुंबलेले, लिफ्टवाल्याशी भांडण चाललेलं. "तुमचा परचेसचा अनुभव! टँकरवाल्याचे दर तुम्हीच पाडू शकता." इथे कुणी साल विचारलं नाही, एक्सेल येतं का विचारलं नाही, पाच वर्षांनी कुठे असाल हे तर विचारलंच नाही, कारण सेक्रेटरी पाच वर्षांनी कुठे असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो तिथेच असतो. पाठोपाठ गणेश मंडळाची खजिनदारी आली. मग पुतणीच्या लग्नात केटररशी बोलणी. मग समोरच्या आजोबांची बँकेतली केवायसी. महिन्याभरात मी पगारी नोकरीत होतो त्यापेक्षा जास्त व्यग्र झालो. ही शाळेत शिक्षिका आहे, घर तिच्या पगारावर चालू होतं, संध्याकाळी घरी आल्यावर ती मला म्हणायची, "दमलात? चहा ठेवू?" यात टोमणा होता की नव्हता, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

अशात चाकणच्या एका मोठ्या कंपनीतून फोन आला. जागा परचेसचीच होती. गेटवर नाव लिहिलं, पास गळ्यात अडकवला, वर गेलो. काचेच्या केबिनमध्ये परचेसचा हेड बसला होता. मला पाहताच तो ताडकन उठला आणि टेबलाला वळसा घालून थेट पाया पडला. केबिन काचेची असल्यामुळे बाहेरचं सगळं खातं उभं राहिलं.

"सर, ओळखलंत? मी अप्रेंटिस होतो तुमच्याकडे! चलान कसं वाचायचं ते तुम्ही शिकवलंत. आकडा आधी बघ, सही नंतर कर."

चहा आला, सोबत बिस्किटं आली, खात्यातल्या पोरांना आत बोलावून माझी ओळख करून देण्यात आली, सेल्फी निघाला. एवढं सगळं आटोपल्यावर मी हळूच जागेचा विषय काढला. त्याचा चेहरा पडला.

"सर, तुम्ही? माझ्या हाताखाली?"

"मला चालेल."

"मला नाही चालणार, सर. 'हे अजून का झालं नाही' असं मी तुम्हाला कसं विचारू?"

"विचार की. आमच्या घरी विचारतात."

तो हसला नाही. बिचारा खरोखरच कळवळला होता. शेवटी म्हणाला, "सर, त्यापेक्षा एक दिवस येऊन आमच्या पोरांना मार्गदर्शन करा ना. दिवाळीच्या आधी ठेवू."

"मानधन वगैरे?"

"सर, असं काय विचारता! शाल-श्रीफळ तर आहेच."

आमच्याकडे आत्ताच चार शाली आहेत. पुण्याची थंडी आता एकीतसुद्धा भागते.

परत निघताना गेटवर पास काढून दिला. गेटवरचा सुरक्षारक्षक माझ्याच वयाचा, पीळदार मिशीचा, साताऱ्याकडचा निवृत्त फौजी. फौजेतला माणूस चाळिशीच्या आगेमागे निवृत्त होतो, म्हणजे ज्या बाजारात मी आत्ता उतरलो होतो तिथे हा पंधरा वर्षं आधीपासून उभा. त्यानं रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि विचारलं, "झालं का काम, साहेब?"

"नाही झालं."

"चहा दिला?"

"दिला."

"बिस्किटं?"

"दिली की."

"मग न्हाय व्हायचं. ज्याला घ्यायचं असतं ना, त्याला हितं दोन दोन तास बसवून ठेवत्यात. पाणीबी विचारत न्हाईत."

व्यवस्थापनशास्त्राची एवढी पुस्तकं निघतात, त्यात हे कुठे लिहिलेलं नाही.

पुढे काही दिवसांनी एका जुन्या व्हेंडरनं निरोप दिला की भोसरीतच एका वर्कशॉपला माणूस हवाय. पत्र्याची शेड, आत सहा लेथ, एक मिलिंग, एक सीएनसी. मालक 76 वर्षांचे. मला बाहेर एका उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसायला सांगितलं आणि विसरून गेले. दीड तास झाला. कुणी पाणी विचारलं नाही. माझ्या मनात आशा पालवायला लागली.

शेवटी हाक आली. खुर्ची दाखवली नाही. मालकांनी बायोडेटा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून नाकाजवळ धरला आणि '15+' वर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? प्लस म्हणजे किती?"

मी खरा आकडा सांगितला. वयही सांगितलं.

"चोपन्न? म्हणजे माझ्या थोरल्याहून दोन वर्षांनी लहान. पोरगाच आहेस की अजून." त्यांनी कागद टेबलावर टाकला. "लेथ चालवलीयस?"

"नाही. परचेसला होतो."

"म्हणजे काम असं काहीच येत नाही. शिकावं लागेल. पगार किती घेशील?"

मी जुन्या पगाराच्या निम्मा आकडा सांगितला. ते मोठ्यानं हसले. शिकाऊ पोराला एवढा पगार कुणी देतं का, असं म्हणाले. मग आमची अर्धा तास घासाघीस झाली. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी एवढं मन लावून कुणी भांडलं नव्हतं. बार स्टॉकचा आजचा दर काय, कुठला सप्लायर वजनात मारतो, कुणाकडून उधारी 60 दिवसांची काढता येईल, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि दोन ठिकाणी मी सांगितलेला दर खोटा ठरवण्यासाठी समोरच फोन लावले. दर बरोबर निघाले तेव्हा त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. आकडा ठरला. मला पाहिजे होता त्याहून बराच कमी, त्यांना द्यायचा होता त्याहून किंचित जास्त.

"आणि हे बघ," कागद पुढे सरकवत ते म्हणाले, "तीन महिन्यांची नोटीस लिहून द्यायची. तुमच्या वयाची पोरं टिकत नाहीत. जरा हात बसला की पळाली चाकणला."

मी म्हटलं, चाकणचं तुम्ही मनातून काढून टाका.

"सगळे असंच म्हणतात. सही कर. आणि उद्या आठला ये. नऊला उगवणारी पोरं मला चालत नाहीत."